पॉवर स्टिअरिंगची नळी आणि सव्वाशे किलोमीटर

गाडीच्या बॉनेटखाली हात घातला की आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला शहाण्या माणसांचा: "कशाला हात काळे करतोस? सर्व्हिस सेंटरला दे. तासाला कमावतोस किती आणि वाचवणार किती?" दुसरा जुगाडवाल्यांचा: "काही नाही रे, फुटलेला तुकडा काप, रबरी पाइप घाल, दोन क्लॅम्प आवळ. दहा मिनिटांचं काम!"

माझं म्हणणं असं की हे दोन्ही सल्ले एकाच आईची लेकरं आहेत. ती आई म्हणजे गाडीची माहिती आणि सुटे भाग मालकाच्या हाती लागू न देण्याची कंपन्यांची जुनी सवय. माहिती नसली की एक तर माणूस घाबरतो, नाही तर वाट्टेल ते करतो.

विषय निघाला तो बाबांच्या जुन्या गाडीवरून. गाडी असते माहूरला. तिला हल्लीच्या गाड्यांसारखं इलेक्ट्रिक स्टिअरिंग नाही, हायड्रॉलिक आहे. म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो तेल दाबतो, आणि ते तेल एका जाड नळीतून स्टिअरिंगच्या रॅकपर्यंत जाऊन चाकं वळवायला मदत करतं. तेल परत डब्यात येतं ते दुसऱ्या, कमी दाबाच्या नळीतून. यातली जास्त दाबाची नळी क्रिम्पजवळ पाझरायला लागली होती. रोज सकाळी फरशीवर लाल डाग.

आता माहूरचा भूगोल. रेणुकामातेचं मंदिर डोंगरावर, दत्तशिखर त्याहून वर. घरी पाहुणे आले की त्यांना वर न्यावंच लागतं, आणि घाटातल्या वळणांवर स्टिअरिंगची मदत गेली तर? स्टिअरिंग लॉक होत नाही, कारण चाकांशी त्याचा यांत्रिक जोड शाबूत असतो. पण ते एकदम दगडासारखं जड होतं, आणि त्याचा अंदाज नसलेल्या माणसाच्या हातून वळण चुकू शकतं. शिवाय गळणारं तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेटूही शकतं. म्हणजे "चालतंय तोवर चालवू" हा पर्याय नव्हता.

त्या कंपनीचं जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नांदेडला. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. फोन केला तर उत्तर मिळालं, "पार्ट काउंटरवर देत नाही सर. गाडी घेऊन या, फिटिंग आमच्याकडेच होईल." बाबा म्हणाले, "अरे, नांदेडला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो. आणि त्याच गळक्या गाडीत बसून जायचं?" तासाच्या कमाईचा हिशोब मांडणाऱ्या माझ्या पुणेरी मित्रांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. तुमच्या घरापासून वर्कशॉप चार किलोमीटरवर आहे म्हणून तो हिशोब सुटतो. माहूर, किनवट, औराद, अहेरी इथे राहणाऱ्या माणसासाठी घरी दुरुस्ती हा छंद नसतो. अंतरामुळे त्याला दुसरा रस्ताच नसतो.

पण म्हणून जुगाड? अजिबात नाही. कारण आकडे बघा. टायरमध्ये हवा असते साधारण सव्वादोन बार. या नळीत, स्टिअरिंग पूर्ण वळवून धरलं की, दाब जातो ६० ते १०० बारपर्यंत. पाण्याच्या पाइपचा क्लॅम्प तिथे टिकणार नाही. परतीच्या नळीला क्लॅम्प चालतो, कंपनीच लावते. दाबाच्या नळीला फक्त क्रिम्प. हा फरक पाच मिनिटांत समजण्यासारखा आहे, पण तो सांगणारा कागद मालकाकडे नसतो.

आणखी एक गंमत. तालुक्याच्या गावांमध्ये जेसीबी आणि ट्रॅक्टरची हायड्रॉलिक होज क्रिम्प करून देणारी दुकानं असतात. त्यांचं मशीन चांगलं, कारागीर त्याहून चांगला. दाबाच्या बाबतीत त्यांची होज कारच्या नळीपेक्षा भक्कमच. अडचण दुसरीकडे आहे. या नेहमीच्या होजची मर्यादा साधारण १०० अंश सेल्सिअस, आणि बॉनेटखाली एक्झॉस्टशेजारी त्याहून जास्त उष्णता सोसणारं रबर लागतं. दुसरं म्हणजे कारची ही नळी मुद्दाम थोडी फुगणारी बनवतात, म्हणजे पंपाचे हिसके ती पोटात घेते आणि स्टिअरिंग गुरगुरत नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेचं एसएई जे१८८ हे मानक नेमकं याच नळ्यांसाठी आहे. हे त्या दुकानदाराला कुणी सांगितलं तर तो योग्य होज मागवून उत्तम नळी बनवून देईल. पण कंपनी सांगत नाही. मग तो हाताशी आहे ती होज लावतो आणि आपण म्हणतो, "लोकल काम, असंच असायचं."

आमच्याबाबतीत जुन्या नळीवरच्या लेबलवर पार्ट नंबर शाबूत होता. तेवढ्यावर नांदेडच्या एका सुट्या भागांच्या दुकानात नवी नळी मिळाली आणि माहूरला येणाऱ्या ओळखीच्या माणसाकरवी दोन दिवसांत घरी आली. पुढचं काम एका शनिवारचं. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर टेकवली, मागच्या चाकांना दगड लावले, इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. डब्यातलं तेल सिरिंजने ओढलं. नट साध्या पान्याने गोल होतात, म्हणून गल्लीतल्या गॅरेजच्या उस्तादांकडून लाइन पाना मागून आणला. बँजो बोल्टचे वॉशर आणि रॅककडची ओ-रिंग नवीनच घातली. जुनी नळी जशी वळलेली होती तशीच नवी वळवली, एक्झॉस्टपासून लांब, मूळ क्लिपांमध्ये.

मग हवा काढणं. पुढची चाकं अधांतरी ठेवून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा हळूहळू फिरवायचं आणि डब्यात तेल भरत राहायचं. तेल तेच, जे डब्याच्या झाकणावर लिहिलंय. आमच्या झाकणावर एटीएफ होतं. नंतर इंजिन चालू करून पुन्हा तेच, फक्त टोकाला धरून ठेवायचं नाही. तेल दुधाळ दिसलं किंवा पंप कण्हला तर हवा शिल्लक आहे. आणि एक महत्त्वाचं: इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपून शोधू नका. एवढ्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीतून आत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. निघालेलं तेल गटारात ओतू नका, जुनं तेल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

बस्स, एवढंच काम. यात गुपित काय आहे? कार घेताना पॉवर स्टिअरिंग मिळू लागलं ते १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. सत्तर वर्षांहून जुन्या तंत्राच्या एका नटाचा टॉर्क किती, हे राज्यगुपित असल्यासारखं का वागवायचं?

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. २०११ साली शमशेर कटारिया यांनी होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेमकी हीच तक्रार केली होती: मूळ सुटे भाग आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारात मिळत नाही. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात देशी होत्या, विदेशी होत्या. भाग आणि माहिती खुली करा, आणि ग्राहक बाहेरच्या मेकॅनिककडे गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने सांगितलं. कंपन्या कोर्टकचेऱ्यांत गेल्या. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दोष कायम ठेवला, दंड मात्र कमी केला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. चांगलंच आहे. माझी कसोटी मात्र साधी: आपल्या गाडीचं नाव घालून या एका नळीचा पार्ट नंबर, तिची किंमत आणि तिच्या नटाचा टॉर्क शोधून बघा. सापडला तर हक्क मिळाला. नाही तर नुसती घोषणा मिळाली.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, "स्टिअरिंग हा सुरक्षेचा भाग आहे, कुणीही हात लावायची गोष्ट नाही." अगदी मान्य! म्हणूनच माहिती उघडी हवी. माहिती लपवल्याने दुरुस्ती थांबत नाही. थांबते ती फक्त चांगली दुरुस्ती. गल्लीतला उस्ताद गाडी दुरुस्त करणारच आहे, कारण त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला आज संध्याकाळी घरी पोचायचंय. त्याला बरोबर आकडा द्यायचा की अंदाजावर सोडायचं, एवढाच प्रश्न आहे. ज्याला स्वतःला जमणार नाही त्याने खुशाल मेकॅनिककडे जावं. पण तो मेकॅनिक त्याने निवडलेला असावा.

आपण आयटीवाले डॉक्युमेंटेशन नसलेला कोड हातात आला की आरडाओरडा करतो, मॅनेजरला मेल टाकतो. तीच माणसं लाखो रुपयांची गाडी घेतो आणि तिची सर्व्हिस मॅन्युअल मागायची असते हेही आपल्याला सुचत नाही. पुढची गाडी घेताना शोरूममध्ये सनरूफच्या आधी हे विचारा. दहा जणांनी विचारलं तर सेल्समन हसेल. दहा हजारांनी विचारलं तर तोच छापून देईल. :-)