अपुऱ्या कथेचा धडा

बंदी घातली की साधी करमणूकही राजकारण ठरते. १९७७ साली जपानमध्ये निघालेली ‘व्होल्टस फाइव्ह’ ही महाकाय यंत्रमानवाची चित्रमालिका फिलिपिन्समधील मुलांनी डोक्यावर घेतली. १९७९ मध्ये अखेरचे मोजके भाग उरले असता राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी तिच्यासह अशा इतर मालिकाही बंद केल्या. कारण हिंसाचाराचे देण्यात आले. परंतु तिचा शेवट होता शिंगे असलेल्या उमरावांविरुद्ध गुलामांच्या उठावाचा, आणि देशात १९७२ पासून लष्करी कायदा होता! म्हणूनच ही बंदी अनेकांना राजकीय वाटली. १९८६ च्या जनआंदोलनाने मार्कोस यांना परागंदा केले. २०२३ मध्ये तेथेच या कथेची नवी मालिका निघाली. सत्ताधाऱ्यांना कथेचा शेवट रोखता येतो. त्याविषयीची ओढ नव्हे.