पारा कुठं टाकायचा?

दिवाळीच्या आधीची आवराआवर चालली होती. माळ्यावरून दादांचं रक्तदाब मोजायचं जुनं मशीन निघालं. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. त्यांनी खेड्यात चाळीस वर्षं डॉक्टरकी केली. पत्र्याची पेटी, झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहते, आणि आत पारा. दादा गेल्यावर ती पेटी माझ्याकडे आली. भंगारवाला दारात होताच. पेटी हलवून म्हणाला, "आजोबा, शंभर रुपये देतो. पारा ओतून टाकीन, पत्रा तेवढा घेईन."

मी पेटी परत घेतली. सूनबाई म्हणाली, "बाबा, ठेवून तरी काय करणार?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. सकाळी घंटागाडीवरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सुक्या कचऱ्यात टाका की, काका." त्याच बाई तो सुका कचरा उघड्या हातांनी निवडतात!

माझ्या हट्टाला एक जुनं कारण आहे. १९८० च्या आसपासची गोष्ट. शाळेच्या प्रयोगशाळेतला वायुभारमापक फुटला. विज्ञानाचे सर रजेवर, म्हणून तास मला दिलेला. मी मराठीचा मास्तर. मुलांनी पाऱ्याचे गोळे तळहातावर खेळवले, तांब्याच्या जुन्या पैशाला चोळून तो चांदीचा केला. मीही कौतुकानं बघत होतो. नंतर केरसुणीनं सगळं लोटून विहिरीपलीकडच्या उकिरड्यावर मीच टाकलं. मला ठाऊक नव्हतं, ही सबब खरी आहे. पण हल्ली ती पुरेशी वाटत नाही.

पाऱ्याची साध्या हवेतच वाफ होते. तिला ना रंग, ना वास. ती श्वासातून मेंदूपर्यंत पोचते. केरसुणीनं झाडलं की थेंबाचे शंभर थेंब होतात आणि वाफ वाढते. पारा पाण्यात गेला, की गाळातले जिवाणू त्याचं अधिक विषारी रूप बनवतात. ते माशांत साठतं आणि माशांतून माणसात येतं. जपानमधल्या मिनामाता इथं १९५६ मध्ये ज्या रोगाची अधिकृत नोंद झाली, तो याच विषाचा. तिथं एका रासायनिक कारखान्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं समुद्रात सोडलं जात होतं. हातपाय वेडेवाकडे झालेली मुलं जन्माला आली. आयांना मात्र बाहेरून फारसं काही झालेलं दिसत नव्हतं.

मग यावर उपाय काय? आमचे ते विज्ञानाचे सर आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना फोन केला. ते हसून म्हणाले, "अहो सर, कज्जली करायची!" जुने वैद्य खलात पारा आणि गंधक घालून तासन् तास घोटत, तेव्हा काजळासारखी काळी भुकटी होई. तीच कज्जली. पारा आणि गंधक एकजीव झाले की वाफ जवळजवळ थांबते, आणि हा पदार्थ पाण्यात विरघळतो तो अगदी नाममात्र. तो औषध म्हणून खावा असं मी मुळीच म्हणत नाही. पण पाऱ्याचा कचरा निर्धोक करण्याची आजची मुख्य रीत हीच आहे. बंदिस्त यंत्रात पारा आणि गंधक घुसळतात. सांडपाणी असेल तर त्यात गंधकाचा क्षार घालून पारा खाली बसवतात. माती किंवा काच असेल तर आधी तापवून वाफ काढतात आणि ती थंड करून पारा परत मिळवतात. युरोपात तर २०१७ च्या कायद्यानं टाकाऊ पारा कायमचा पुरण्याआधी त्याचं असं रूपांतर करणं सक्तीचं झालं.

गंमत बघा. पारा जमिनीत सापडतो तोच मुळी हिंगुळाच्या रूपात. म्हणजे गंधकाला बांधलेला. स्पेनमधल्या आल्मादेनच्या खाणीतून माणसानं शतकानुशतकं तो हिंगूळ खणला, गंधकापासून पारा सोडवला आणि जगभर पसरवला. आता तो पुन्हा बांधून जमिनीला परत करायचा आहे, तोही पाणी लागणार नाही अशा जागी.

तेव्हा रसायनशास्त्र अडलेलं नाही. अडलंय ते पारा गोळा करण्यापाशी. तमिळनाडूतल्या कोडाईकनालला हिंदुस्थान लिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता. २००१ मध्ये त्याची पारा लागलेली काच गावातल्या भंगाराच्या दुकानात सापडली आणि कारखाना बंद पडला. २००३ मध्ये सुमारे २९० टन कचरा जहाजानं अमेरिकेला पाठवावा लागला. कामगारांचा कंपनीशी समझोता व्हायला २०१६ उजाडलं. म्हणजे कारखान्याचा पारासुद्धा शेवटी भंगारवाल्याकडेच पोचला होता, माझी पेटी निघाली होती तसाच.

कोणी म्हणेल, एका घरातल्या पाऱ्याचं काय एवढं? थर्मामीटरमध्ये ग्रॅमच्या आसपास पारा असतो, दादांच्या पेटीसारख्या मशीनमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास. पण जुन्या डॉक्टरांची घरं, बंद पडलेले दवाखाने, शाळांच्या प्रयोगशाळा, सगळीकडची कपाटं मोजा. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत फुटलेलं थर्मामीटर घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं ठेवायला सांगितलं होतं. आम्ही ठेवूही. पण द्यायचं कुणाकडे? माझं म्हणणं सरळ आहे. ज्यानं पारा विकून पैसे मिळवले, त्यानंच तो परत घ्यावा. औषधाच्या दुकानात जुनी थर्मामीटरं घ्यायला घट्ट झाकणाची एक बरणी असावी, आणि ती कज्जली करणाऱ्या कारखान्यापर्यंत पोचवण्याचा खर्च बनवणाऱ्यानं सोसावा. आज तो खर्च घंटागाडीवरच्या बाई आपल्या शरीरानं सोसतात.

दादांची पेटी मी जाड पिशवीत बांधून झाकणाच्या डब्यात ठेवली आहे. वर चिठ्ठी चिकटवली : 'आत पारा आहे. उघडू नये. भंगारात देऊ नये.' अक्षर मास्तरांचं, त्यामुळे वाचता येतं. पण माझं वय सत्तरीपलीकडचं. माझ्यानंतर ही चिठ्ठी वाचणाऱ्याला तरी डबा कुठं न्यायचा ते सांगता यावं, एवढीच इच्छा आहे.