गिट लॉगमध्ये न दिसलेला चोरदरवाजा

लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय? मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी हा किरकोळ वाटणारा प्रश्न सोडला नाही. म्हणून २९ मार्च २०२४ ला जगाला कळलं, की लिनक्सवर फायली दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या टूलमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय. निशाण्यावर तुमचा फोन नव्हता, सर्व्हर होते. पण फोनमधली ॲप्स ज्या सर्व्हरशी बोलतात, त्यातल्या बहुतेकांवर लिनक्सच असतं.

"ओपन सोर्स आहे ना, मग सगळ्यांना दिसायला हवं होतं!" असं खूप जण म्हणतात. मला खरी गोम इथेच वाटते. प्रोजेक्ट गिटवर होता. गिट लॉग मारला की कोणी, कधी, काय बदललं याची यादी समोर. मग?

एक तर घातक माल आला टेस्टच्या फायली म्हणून, त्याही बायनरी. गिट डिफ साध्या कोडमधली बदललेली ओळ न् ओळ दाखवतं. बायनरी असेल तर 'फरक आहे' एवढंच सांगून गप्प बसतं. दुसरी चलाखी त्याहून मोठी. हा माल उघडून कामाला लावणारी स्क्रिप्ट गिटमध्ये टाकलीच नव्हती! ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या तयार गठ्ठ्यात, म्हणजे टारबॉलमध्येच ती होती. गिट क्लोन करून कोड वाचणाऱ्याला ती सापडणार कशी? आणि लिनक्सची पॅकेजं बनवणारे बरेच जण टारबॉलच उचलतात.

हे करणारा 'जिया तान' २०२१ पासून प्रोजेक्टभोवती होता. नीट पॅच देत देत त्याने एकहाती गाडा ओढणाऱ्या लासे कॉलिन यांचा विश्वास कमावला आणि थेट पुश करायचा हक्क मिळवला. गिट कॉन्फिगमध्ये नाव काहीही टाका, गिट पुरावा मागत नाही. त्यावर उपाय म्हणून डिजिटल सही सुचवतात. करावीच. पण इथे टारबॉलवरची त्याची सही अगदी बरोबर होती. किल्ली तीच आहे एवढंच सही सांगते, हेतू नाही.

मला जास्त कामाची वाटते ती साधी तुलना. टारबॉल उघडा, त्याच आवृत्तीच्या टॅगवर गिट चेकआउट करा आणि दोन्ही फोल्डरांवर 'गिट डिफ --नो-इंडेक्स' चालवा. अडचण एकच: अशा जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टांत टारबॉलमध्ये आपोआप तयार झालेल्या बऱ्याच फायली जास्तीच्या असतातच. त्याच गर्दीत ती स्क्रिप्ट दडली होती.