शाहरुख शोधताना ॲनी सापडला

मागच्या महिन्यात दहावीच्या वर्गावर मराठीचा तास घेत होतो. धडा संपला, घंटा व्हायला दहा मिनिटं होती, आणि मुलांनी नेहमीप्रमाणे विषय सिनेमावर नेला. शाहरुख खानचा पहिला सिनेमा कोणता, असं एकानं विचारलं. मी लगेच सांगून मोकळा झालो, ‘दीवाना’, १९९२. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “नाही सर, त्याच्या आधी एक आहे. माझ्या भाईनं मोबाइलवर दाखवला. त्यात तो ओळखण्यात येत नाही.”

‘ओळखण्यात’ नाही, ‘ओळखू’ येत नाही, असं दुरुस्त करायचं तोंडावर आलं होतं. पण आवरलं. का आवरलं ते पुढे सांगतो.

घरी आल्यावर तो सिनेमा शोधला. नाव लांबलचक आहे, ‘इन व्हिच ॲनी गिव्हज इट दोज वन्स’. दूरदर्शनच्या पैशावर, अगदी कमी खर्चात १९८८ च्या सुमारास तयार झालेला. दिग्दर्शक प्रदीप कृष्ण, आणि पटकथा अरुंधती रॉय यांची. ‘गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ लिहून त्या जगभर प्रसिद्ध झाल्या ती गोष्ट १९९७ ची, म्हणजे बरीच नंतरची. त्या स्वतः दिल्लीत स्थापत्यशास्त्र शिकल्या होत्या. त्या हॉस्टेलच्या दिवसांची आठवण म्हणून हा सिनेमा लिहिलेला आहे. काळ १९७४ चा दाखवला आहे. लांब केस, ढगळ पँटी, विड्या-सिगारेटी, रात्रभर जागून काढलेली ड्रॉइंग्ज आणि ‘आपण काय बांधणार आणि कुणासाठी’ यावर चहाच्या कपावर होणारी भांडणं. राधा नावाच्या विद्यार्थिनीचं काम अरुंधती रॉय यांनीच केलं आहे.

दूरदर्शनवर तो १९८९ मध्ये रात्री उशिरा लागला. त्यानंतर वर्षानुवर्षं लोकांनी कॉपीवरून केलेल्या कॉप्यांवरच तो पाहिला. मी पाहिला त्यातही चेहरे धुरकट आणि आवाज गढूळ होता.

आणि शाहरुख? आहे. हॉस्टेलमधला एक सीनियर, एवढीच त्याची ओळख. पात्राला धड नावसुद्धा नाही. दोन-चार ठिकाणी दिसतो, घोळक्यात काहीतरी बोलतो आणि कथा त्याला मागे टाकून पुढे जाते. मनोज बाजपेयीही याच सिनेमात आहे, तोही असाच गर्दीत. पहिला अर्धा तास मी नुसता शाहरुखच शोधत होतो. प्रत्येक केसाळ डोकं दिसलं की व्हिडिओ थांबवून बघायचो. मग केव्हातरी शोधायचं विसरलो, कारण तोवर ॲनी भेटला होता.

ॲनी म्हणजे आनंद ग्रोव्हर. अर्जुन रैना या नटानं त्याचं काम केलं आहे. हा पाचव्या वर्षात वर्षानुवर्षं अडकलेला विद्यार्थी. बुद्धी कमी आहे म्हणून अडकलेला नाही. कधीकाळी त्यानं संस्थेच्या प्रमुखांची, वाय. डी. बिलिमोरियांची, थट्टा केली होती. मुलं त्यांना ‘यमदूत’ म्हणतात. रोशन सेठ यांनी तो माणूस असा उभा केला आहे की राग येतो आणि हसूही येतं. त्या एका थट्टेचा हिशेब यमदूत दरवर्षी ॲनीला नापास करून चुकता करतो. ॲनी खोलीत कोंबड्या पाळतो आणि स्वप्नं बघतो. रेल्वेरुळांच्या दोन्ही बाजूंना फळझाडं लावायची, असं एक त्याचं स्वप्न. लोक सकाळी रुळाकडेला बसतातच, म्हणजे खत फुकट. पाणी जाणाऱ्या गाडीनं शिंपडायचं. वर्गात हे सांगितलं तर मुलं हसून लोळतील. पण या देशातली जमीन आणि या देशातली माणसं डोळ्यांसमोर ठेवून विचार करणारा त्या संस्थेत तोच एक वाटतो. पुढे प्रदीप कृष्ण यांनी सिनेमे सोडले आणि ते झाडांकडे वळले. दिल्लीच्या झाडांवरचं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध आहे. ॲनीचं वेड दिग्दर्शकालाच लागलं म्हणायचं.

ही झाली सिनेमाची गोष्ट. आता मला जे म्हणायचं आहे ते.

आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात आणि गुणगौरव समारंभात एक भाषण ठरलेलं असतं. पाहुणे येतात, शेरवानी सावरतात आणि सांगतात, “बच्चो, शाहरुख को देखो. माँ-बाप का साया सर से उठ गया, दिल्ली से खाली हाथ बंबई आया, और आज कहाँ है!” मुलं टाळ्या वाजवतात. मीही वीस वर्षं वाजवत आलो. दोन-तीनदा तर हे भाषण मी स्वतःच ठोकलं आहे.

पण तो खाली हात नव्हता. सेंट कोलंबासारखी शाळा त्याच्या पाठीशी होती, हंसराज कॉलेज होतं. बॅरी जॉन यांच्या नाटकमंडळीत त्याला उभं राहायला, चुकायला, पुन्हा उभं राहायला जागा मिळाली. त्याच मंडळीतला ऋतुराज सिंह या सिनेमात त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या भूमिकेत आहे. सरकारी पैशावर चालणारं दूरदर्शन होतं, जे नवख्या पोरांना घेऊन असा विचित्र सिनेमा काढू देत होतं. त्याच दूरदर्शननं १९८९ मध्ये ‘फौजी’ दाखवली आणि हा मुलगा घराघरांत पोहोचला. त्याची मेहनत आणि हुशारी मी नाकारत नाही. पण मेहनत रुजायला माती लागते, आणि मातीचा उल्लेख आपल्या भाषणात कधी येत नाही. म्हणजे आपण मुलांना नकळत काय सांगतो? तो पोहोचला, तू नाही पोहोचलास, तेव्हा कसूर तुझाच.

दुसरंही एक आहे. मुसलमान समाज म्हणून आपल्याला नावं मोजायची सवय लागली आहे. दिलीपकुमार आपले, रफीसाहेब आपले, कलामसाहेब आपले, शाहरुख आपला. कुणी आपल्याबद्दल वाकडं बोललं की आपण ही यादी पुढे करतो. ते मी समजू शकतो. रोज हजेरी द्यावी लागणाऱ्या माणसाच्या खिशात ओळखपत्र असावं लागतं. पण ही यादी बाहेरच्यांना दाखवायला ठीक आहे. घरात, शाळेत, मोहल्ल्यात आपली परीक्षा त्या यादीवर होत नाही. नववीत गळालेला आपला ॲनी आता कुठे आहे, यावर होते.

सिनेमा पाहताना मी ॲनीच्या बाजूनं होतो. हॉस्टेलमधली सगळी मुलं त्याच्या बाजूनं, मग मी का नसावं? रात्री उशिरा दिवा बंद करून पडलो, तेव्हा लक्षात आलं की या गोष्टीत माझी जागा हॉस्टेलमध्ये नाहीच. मी प्रमुखांच्या खुर्चीत आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत नववीला एक मुलगा होता. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. मुलांच्या घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. या मुलाच्या तोंडात तिन्ही एकत्र नांदायच्या. ‘माझी आजी’ या निबंधात त्यानं लिहिलं होतं की दादी दस्तरखान अंथरते, सगळ्यांना वाढते आणि स्वतः ‘बची-खुची भाकर’ खाते. आज वाटतं, त्या वर्षीच्या साठ निबंधांत खरी आजी तेवढी एकच होती. पण तेव्हा मी तरुण होतो, मराठीत बी.एड. केलेला मुसलमान म्हणून कुणी माझ्या मराठीवर बोट ठेवू नये याची मला फार काळजी. पान भरून लाल रेघा मारल्या. ‘दादी नव्हे आजी, दस्तरखान शब्द टाळा.’ ज्या लाल शाईनं मी खोडत होतो ती ‘शाई’सुद्धा फारसीतूनच मराठीत आली आहे. कागद, दप्तर, हजेरी, दाखला, सही हे सगळे शब्द असेच आलेले, हे बी.एड.ला मी स्वतः लिहून गुण मिळवले होते.

इकडे या सिनेमाची भाषा ऐकताना मला राहून राहून तो निबंध आठवत होता. ही मुलं एका वाक्यात इंग्रजी, हिंदी, पंजाबी घालून बोलतात. सिनेमाचं नावच बघा. इंग्रजीच्या कुठल्याही मास्तराला ते चुकीचं वाटेल. त्या मुलांच्या बोलीत त्याचा अर्थ एवढाच की ॲनीचं नेहमीचं चालू आहे. पण १९८८ च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत याच सिनेमाला उत्कृष्ट इंग्रजी चित्रपटाचा आणि उत्कृष्ट पटकथेचा असे दोन पुरस्कार मिळाले. (पटकथेचा पुरस्कार अरुंधती रॉय यांनी २०१५ मध्ये देशातल्या असहिष्णुतेच्या निषेधार्थ परत केला.) परीक्षकांनी लाल पेन काढलं नाही.

तर त्या मुलानं संमेलनात माझी नक्कल केली. चष्मा नाकावर, पेन उगारलेलं, “शुद्ध! शुद्ध!” असं ओरडत स्टेजभर फिरला. सगळी शाळा हसली, हेडमास्तरही हसले. मीही हसल्यासारखं केलं. वार्षिक परीक्षेत तोंडीचे वीस गुण माझ्या हातात होते. इतर मुलांना मी पंधराच्या खाली सहसा दिले नव्हते. त्याला आठ दिले. तो मराठीत पाच गुणांनी नापास झाला. जूनमध्ये शाळेत आलाच नाही. मामूच्या गॅरेजवर बसला.

मी कायद्यानं काही चुकीचं केलं नाही. नववीत नापास करता येतं, तोंडीचे गुण शिक्षकानंच द्यायचे असतात, आणि त्या मुलाचं शुद्धलेखन खरोखर वाईट होतं. यमदूताकडेही अशीच कारणं असणार. म्हणून मला त्या पात्राची भीती वाटली. तो राक्षस नाही. नियमाच्या आड उभं राहून आपला अपमान जपून ठेवणारा एक साधा मास्तर आहे.

आपल्या मुलांच्या गळतीची कारणं आपण नेहमी बाहेर शोधतो. गरिबी आहे, नोकऱ्यांत भेदभाव आहे, लांबची शाळा आहे, ‘शिकून कोण नोकरी देणार’ हा घरचा सवाल आहे. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांच्यावर लिहिलंच पाहिजे. पण त्या यादीत एक ओळ आम्हा शिक्षकांची असायला हवी. घरची परिस्थिती मुलाला दारापर्यंत आणून सोडते. शेवटचा धक्का कधी कधी वर्गातून बसतो. आठ गुणांचा, एका टोमण्याचा, ‘तुझ्याच्यानं होणार नाही’ या एका वाक्याचा.

म्हणून माझी दोन म्हणणी आहेत. पहिलं, शाहरुखचं भाषण काही वर्षं बंद करू या. त्याऐवजी पाहुण्यांनी विचारावं की या शाळेत नववीतून दहावीत जाताना किती मुलं कमी झाली आणि ती आता काय करतात. दुसरं, प्रत्येक शिक्षकानं आपल्या हातून सुटलेलं निदान एक मूल शोधून काढावं. बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म असतो, बाहेरून दहावीला बसता येतं. आपल्या मोहल्ल्यांत किती जणांना हे माहीत आहे, जरा विचारून पाहा.

सांगणाऱ्यानं आधी स्वतः करावं, म्हणून मागच्या जुम्याला नमाजनंतर स्कूटर घेऊन त्याच्या गॅरेजवर गेलो. मामू आता नाहीत, दुकान तोच चालवतो. दाढीत दोन-चार पांढरे केस आले आहेत. “सलाम सर,” म्हणाला, कार्ब्युरेटर साफ केला आणि अडीचशे रुपये सांगितले. मी दिले, त्यानं घेतले. नको म्हणाला असता तर मला जास्त जड गेलं असतं.

मग मी तोंडीच्या आठ गुणांचं बोललो. तो थोडा वेळ हातातला पाना पुसत राहिला. “मला वाटलंच होतं सर,” एवढंच म्हणाला. मी १७ नंबरच्या फॉर्मचं सांगितलं. त्यानं तारीख विचारली, फी विचारली, पुस्तकं जुनी चालतील का विचारलं. शेवटी म्हणाला, “तोंडी परीक्षा कोण घेणार?”

“केंद्र मिळेल त्या शाळेतले शिक्षक.”

“म्हणजे तुम्हीच?”

“बहुतेक मीच.”

तो हसला. अगदी स्टेजवर हसला होता तसाच. “मग विचार करून सांगतो सर,” म्हणाला.