वाद्यवृंद-संचालक आणि आमचा फुकटचा अभिमान

परदेशात कीर्ती मिळविलेल्या माणसास 'आमचा' म्हणून मिरविण्याची हौस आम्हां लोकांस फार. आणि ही हौस जितकी दांडगी तितकीच स्वस्तही आहे. झुबीन मेहता यांचे नाव निघाले की मुंबईच्या सुशिक्षिताची मान ताठ होते. 'आमच्या मुंबईच्या मुलाने व्हिएन्ना-बर्लिनच्या वादकांस आपल्या काठीच्या इशाऱ्यावर वाजविले!' असे उद्गार निघतात, आणि पाठोपाठ ठरलेले तत्त्वज्ञानही येते : 'खरी प्रतिभा लपत नाही, ती आपली वाट आपणच काढते.' हे तत्त्वज्ञान ऐकावयास गोड आहे. पण ते खोटे आहे, आणि खोटे असून वर सोयीचे आहे, म्हणूनच त्याचा समाचार घेणे अवश्य वाटते.

'कंडक्टर' हा शब्द आमच्या शहरात प्रथम तिकिटांची आठवण करून देतो, हे एक वेळ राहू द्या. पण वाद्यवृंदाचा संचालक हा नुसता हातवारे करणारा गृहस्थ, ही समजूत शहाण्यासुरत्या माणसांतही आढळते. वस्तुतः वीसवीस ओळींची स्वरलिपी एका दृष्टिक्षेपात उभी वाचणे, लय ठरविणे, तंतुवाद्ये व सुषिरवाद्ये यांचा तोल राखणे आणि शंभर स्वरांच्या गदारोळात नेमका चुकलेला एक स्वर हेरून मोजक्या तालमीत तो दुरुस्त करणे, हे त्याचे काम. गवयास तंबोरा, गुरू आणि एक खोली मिळाली तर रियाज करता येतो. संचालकाचे वाद्य म्हणजे ऐंशी-शंभर जिवंत माणसे! ते वाद्य भिंतीवर टांगून ठेवता येत नाही, आणि ते नसता आरशापुढे काठी फिरविणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहणे शिकणे होय. म्हणून संचालक हा एकट्याच्या प्रतिभेवर घडत नाही. त्यास शहर घडविते, किंवा मोडते.

मेहता यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९३६ चा. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ सालीच 'बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारला होता. म्हणजे मुलाच्या आधी वाद्यवृंद घरात आला! तालमी कानावर पडत पडतच हा मुलगा वाढला. तरीही मध्यमवर्गीय रीतीप्रमाणे सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यास वैद्यकीच्या वाटेस लावण्यात आलेच. ती वाट सोडून १९५४ साली तो अठराव्या वर्षी व्हिएन्नास गेला. तेथे हान्स स्वारोव्हस्की यांच्यासारखा कठोर गुरू लाभला. डबल बास वाजविता वाजविता वृंदाच्या आतून संगीत कळू लागले. मोठ्या संचालकांच्या तालमी पाहावयास मिळाव्यात म्हणून तो व त्याचा सहाध्यायी क्लाउडिओ अब्बादो यांनी तेथील गायकवृंदातच प्रवेश मिळविला. १९५८ साली लिव्हरपूलच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले, आणि त्याबरोबर वर्षभराची साहाय्यकाची जागाही. ते वर्ष काही वैभवाचे गेले नाही. पण चुकावयासही एक खरा वाद्यवृंद हाताशी होता, हे विसरू नये.

पुढे नशिबाने हात दिला, असे कोणी म्हणेल. माँट्रियल येथे १९६० साली मार्केविच यांच्या जागी आणि लॉस एंजलिस येथे १९६१ साली फ्रिट्झ राइनर यांच्या जागी हा तरुण ऐन वेळी उभा राहिला, आणि सव्विसाव्या वर्षी, १९६२ साली, लॉस एंजलिसच्या वृंदाचे नेतृत्व त्याजकडे आले. नशीब खरेच. परंतु बदली माणसाची गरज कोठे पडते? जेथे मैफल रद्द होऊ शकत नाही तेथे! जेथे मैफलच नाही, तेथे कोणी आजारी पडला काय अन् न पडला काय, तरुणाच्या दारी संधी यावयाची कोठून?

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. त्याच १९५८ साली मुंबईत गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी आपल्या रागसंगीतास वाद्यवृंदाचे रूप देण्यासाठी स्वतःचा वृंद उभा केला. प्यारेलालांसारखा शिष्य घडविणारा हा गुणी माणूस. त्याचा वृंद टिकला नाही. तो स्वतः पुढे अमेरिकेस गेला. आणि आम्हांस त्याचे नाव माहीत आहे ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील एका विनोदी गाण्यामुळे! मेहली मेहतांसही मुंबई सोडून मँचेस्टरच्या 'हाले' वृंदात जावे लागले. प्रतिभा लपत नसेल, पण उपासमारीने ती मरते, किंवा आगबोटीचे तिकीट काढते.

'आमच्याच शास्त्रीय संगीताची आबाळ होत असता हे परके थेर कशाला?' हा आक्षेप आम्ही जाणून आहो. पण संगीत नाटकांत ऑर्गन आला आणि घरोघरी बाजाची पेटी आली, तेव्हा धर्म बुडाला नाही. आमच्या घरांत रात्रंदिवस वाजणाऱ्या हिंदी चित्रपटगीतांमागे गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादकच होते. त्यांच्या श्रमाचे फळ आवडते, मात्र त्यांचे शास्त्र परके, हा न्याय कोणता? शिवाय वाद्यवृंदावर खर्च न केल्याने वाचलेला पैसा आम्ही गवयांच्या पदरी टाकला, असेही कोठे दिसत नाही.

मुंबईत 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन व्हावयास २००६ साल उजाडावे लागले, आणि तोही उभा करताना परदेशी वादकांचा आधार घ्यावा लागला. हा त्या संस्थेचा दोष नव्हे. मधल्या अर्धशतकात आम्ही वादकच घडविले नाहीत, याची ती पावती आहे. तेव्हा अभिमान बाळगावयाचा असेल तर त्याची किंमत मोजा. शाळेत एखादे व्हायोलिन, एखादा चेलो येऊ द्या. तो हाती धरणाऱ्या मुलास 'परीक्षा झाल्यावर बघू' म्हणून उठवू नका. परक्या पाहुण्याच्या मैफलीस जसे जाता तसे आपल्या कच्च्या, धडपडणाऱ्या वृंदाच्या मैफलीसही तिकीट काढून जा. कच्चा वृंद असल्याखेरीज पक्का संचालक व्हावयाचा नाही. एवढे करणे नसेल, तर व्हिएन्नाच्या मुशीत घडलेल्या माणसास 'आमचा' म्हणताना निदान आवाज थोडा खाली ठेवावा.