डेपोतली फ्रेंच

लोणारहून मेहकरला जाणारा प्रवासी एस्‌. टी.च्या डेपोचे नाव घेतो, तेव्हा नकळत तो फ्रेंच भाषेचा पहिला धडा गिरवीत असतो. 'डेपो' हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याच्या लेखनात शेवटी एक 'त' आहे. फ्रेंच माणूस तो उच्चारीत नाही आणि आपणही उच्चारीत नाही. शब्दाच्या शेवटी लिहिलेले व्यंजन बहुधा गिळून टाकायचे, हा फ्रेंच उच्चाराचा पहिला नियम. तो अंगवळणी पडायला नवशिक्याला बरेच दिवस लागतात. आपला कंडक्टर तो रोज पाळतो! लग्नाच्या 'बुफे'तला शेवटचा 'त' असाच उपाशी राहतो, आणि आमच्या भगिनी हातात सुई घेऊन 'क्रोशे' विणतात, त्यातलाही 'त' कोणाला दिसत नाही.

हे शब्द आपल्याकडे इंग्रजीचे बोट धरून आले, म्हणून आपण त्यांना इंग्रजी समजतो. पण त्यांचे माहेर फ्रान्स. 'क्रोशे' म्हणजे लहानसा आकडा. 'कूपन' म्हणजे कापून घेतलेला तुकडा. 'शोफर' म्हणजे खरे तर आग पेटती ठेवणारा. वाफेवर गाड्या चालत त्या काळची ही आठवण. आणि दिवाळीला मोठ्या हौसेने घेतलेली 'शिफॉन'ची साडी? फ्रेंच भाषेत 'शिफोँ' म्हणजे चिंधी! हा अर्थ घरात केव्हा सांगायचा, हे ज्याने त्याने साडीचे बिल पाहून ठरवावे.

थट्टा राहू द्या. हा विषय या सदरात घेण्याचे कारण वेगळे आहे. आज मध्यम वर्गातल्या कित्येक घरांतून मुलगा किंवा मुलगी शिकायला नाही तर नोकरीला पॅरिसला, ल्योँला गेलेली असते. मग वर्षा-दोन वर्षांनी आईवडील तिकडे जायला निघतात. लोणच्याची बरणी, मेतकूट, गुडघेदुखीचे मलम सगळे आठवणीने भरले जाते. भाषेचे काय, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: "इंग्रजी येते की थोडेफार!" माझे म्हणणे असे, की फ्रान्सला जाताना आपल्या इंग्रजीपेक्षा आपली मराठी अधिक उपयोगी पडते. ते कसे, हेच आज सांगायचे आहे.

प्रथम नमस्कार. आमच्या वऱ्हाडात एखादा अनोळखी माणूस ओट्याशी येऊन एकदम "पाटलाचं घर कुठं?" म्हणून विचारू लागला, तर म्हातारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. आधी "राम राम" म्हणावे, मग विचारावे. फ्रान्समध्ये अगदी हीच रीत आहे. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, वाट विचारताना पहिला शब्द 'बोँझूर'. समोर बाई असतील तर 'बोँझूर मादाम', पुरुष असेल तर 'बोँझूर मस्यो'. संध्याकाळ झाली की 'बोँस्वार'. हा शब्द न उच्चारता थेट प्रश्न विचारणारा प्रवासी त्यांना उद्धट वाटतो. मग त्याचे इंग्रजी कितीही अस्खलित असो. लोणारचे सरोवर पाहायला परदेशी पाहुणे येतात, त्यांत कोणी फ्रेंच निघाला तर त्याला एकदा 'बोँझूर' म्हणून पाहा. त्याच्या चेहऱ्यावरचा फरक हेच माझे प्रमाण.

आता उच्चाराच्या दोन खुणा सांगतो. वर 'बोँ' लिहिताना मी चंद्रबिंदू दिला आहे, तो नाकातून म्हणावा. ओठ मिटून 'म' किंवा जीभ टेकवून 'न' करू नये. आपल्या आजोबांच्या पिढीत 'नांव', 'गांव' असे लिहीत. उच्चारातून गेलेले ते अनुस्वार आपण 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी लेखनातूनही काढून टाकले. फ्रेंचांनी मात्र उच्चार गेला तरी अक्षरे देव्हाऱ्यातल्या टाकांसारखी जपून ठेवली. दुसरी खूण 'झूर'मधल्या 'झ'ची. हा आपला 'झाडा'तला 'झ' नव्हे. 'श' म्हणताना घशातून घोष काढला, की तो आपोआप होतो.

पुढचा धडा 'तू' आणि 'तुम्ही'चा. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला फ्रेंच शिकताना येथेच घाम फुटतो, कारण त्याच्याजवळ सर्वांना मिळून एकच शब्द. आपल्याला हा भेद आईच्या मांडीवरच कळलेला असतो. फ्रेंच 'त्यू' म्हणजे तू, आणि 'व्हू' म्हणजे तुम्ही. 'त्यू' घरच्यांना, मित्रांना, मुलांना. 'व्हू' परक्यांना आणि मोठ्यांना. प्रवाशाने सरसकट 'व्हू' वापरावे. 'कृपया' या अर्थी ते लोक 'सिल व्हू प्ले' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'तुम्हाला रुचत असेल तर'. किती घरंदाज भाषा!

लिंगाचेही तसेच. टेबल ती की तो, हा प्रश्न ऐकून इंग्रज हसतो. आपल्याला त्यात नवल नाही. फ्रेंचमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे. आपण तीन सांभाळतो, तेव्हा दोन सांभाळणे जड नाही. विशेषणही आपल्यासारखेच बदलते: पांढरा तो 'ब्लाँ' आणि पांढरी ती 'ब्लाँश'. फक्त कोण कुठल्या लिंगाचे ते नव्याने पाठ करावे लागते. सूर्य तिकडेही पुल्लिंगीच. चंद्र मात्र स्त्रीलिंगी. म्हणजे आपल्या चांदोमामाला फ्रान्समध्ये चांदोमावशी म्हणावे लागेल!

आकड्यांची तर वेगळीच मौज. फ्रेंच माणूस एकोणसत्तरपर्यंत सरळ मोजतो आणि मग साठ-दहा, साठ-अकरा असे चालू लागतो. ऐंशीला तो म्हणतो 'कात्र व्हँ', म्हणजे चार वीस. पंच्याण्णव म्हणजे चार वीस पंधरा. शहरातल्या मुलांना हे विक्षिप्त वाटते. पण आपल्या खेड्यापाड्यांतल्या आज्या 'चार विसा' असाच हिशेब करीत आल्या आहेत. त्यांना हा पाढा कोणी समजावून द्यायला नको.

आणखी खोल गेले तर नातेच उघडे पडते. फ्रेंच 'दाँ' म्हणजे दात. 'सेत' म्हणजे सात. 'नफ' म्हणजे नऊ, आणि नव्या वस्तूलाही 'नफ'च म्हणतात. संस्कृतातही 'नव' म्हणजे नऊ आणि नवे, दोन्ही. सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याला संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा असाव्यात असे सांगितले. फ्रेंच ही लॅटिनची लेक, मराठी ही प्राकृतांतून आलेली संस्कृतच्या घराण्यातली. म्हणजे लांबची का होईना, चुलत बहीणच.

परक्या मुलखात चार शब्द हाताशी नसले तर काय होते, याचे उदाहरण मराठी वाचकाला आठवून द्यायला नको. 8 जुलै 1910 रोजी मार्सेयच्या बंदरात सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी घेतली आणि पोहून फ्रेंच भूमी गाठली. पण तिथल्या फ्रेंच शिपायाला त्यांचे म्हणणे उमगले नाही आणि त्याने त्यांना बोटीवरच्या पहाऱ्याच्या हवाली केले, असे चरित्रांतून वाचायला मिळते. हे प्रकरण पुढे हेगच्या लवादापुढे गेले. 1911 साली निकाल ब्रिटिशांच्या बाजूने लागला. तो प्रसंग वेगळा आणि ते पुरुषही वेगळे. पण परदेशी पासपोर्ट हरवणे, रात्री औषध लागणे, चुकलेल्या गाडीने भलत्याच गावी पोचणे, हे आपल्यापैकी कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. म्हणून पुढची यादी कापून पासपोर्टाच्या पाकिटात ठेवावी.

वी, नोँ: हो, नाही.
मेर्सी: आभारी आहे. फार आभार मानायचे तर 'मेर्सी बोकू'.
पार्दोँ: माफ करा, गर्दीतून वाट काढतानाही हाच शब्द.
झ न कोँप्राँ पा: मला समजत नाही.
पार्ले-व्हू आँग्ले?: आपल्याला इंग्रजी येते का? (हा प्रश्न 'बोँझूर'नंतर विचारावा, आधी नव्हे.)
ऊ ए ला गार?: स्टेशन कुठे आहे?
ऊ सोँ ले त्वालेत?: स्वच्छतागृह कुठे आहे?
कोँबियँ?: किती? केवढ्याला?
लादिस्योँ, सिल व्हू प्ले: बिल आणता का?
सोर्ती: बाहेर जाण्याचा रस्ता. ही पाटी जमिनीखालच्या मेट्रोत जागोजागी दिसते.
ओ सकूर!: धावा, मदत करा! संकटात 112 हा दूरध्वनी क्रमांक फ्रान्समध्येच नव्हे, तर युरोपीय संघातल्या सर्व देशांत चालतो.
ओ रव्वार: येतो आता, पुन्हा भेटू. दुकानातून काही न घेता निघालात तरी म्हणावे.

खाण्याचा विषय शाकाहारी कुटुंबांसाठी निराळा काढतो. पुरुषाने 'झ स्युई व्हेजेतारियँ' म्हणावे, बाईने 'झ स्युई व्हेजेतारिएन'. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत आपण फरक करतो तसाच. पण एवढ्यावर विसंबू नये. 'मांस नको' म्हटल्यावर मासा चालेल, अशी समजूत करून घेणारे आचारी जगात सगळीकडे असतात. म्हणून 'साँ व्हियाँद, साँ प्वासोँ' असे स्पष्ट सांगावे: मांसाविना, माशांविना. 'प्वासोँ'तला 'स' मात्र खणखणीत म्हणावा. तो 'जाड'मधल्या 'ज'सारखा झाला तर शब्दाचा अर्थ मासा न राहता विष असा होतो!

खाणावळीत 'मेनू' मागितला तर ठरावीक पदार्थांचे, ठरावीक किमतीचे जेवण मागितले, असा समज होईल. पदार्थांची यादी हवी असेल तर 'ला कार्त' म्हणावे. साध्या पाण्याला पैसे पडू नयेत असे वाटत असेल, तर 'यून काराफ दो, सिल व्हू प्ले' म्हणावे. नळाच्या पाण्याचे भांडे येते आणि जेवणाबरोबर त्याचे पैसे लागत नाहीत. बाटलीचे पाणी मात्र बिलात चढते.

आता जरा मनातले बोलतो. आज मुंबई-पुण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून पुष्कळ मुले अकरावीला मराठी सोडून फ्रेंच घेतात. कारण विचारले तर 'गुण चांगले पडतात' असे सांगतात. फ्रेंच घेण्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. वर एवढे रामायण सांगितले ते विरोधासाठी नव्हे. पण ज्या मुलाला मराठीतले लिंग, वचन, विशेषणाची संगती, तू-तुम्ही यांची नीट जाण आहे, त्याला फ्रेंच निम्मी आधीच येत असते. मराठी टाकून तो फ्रेंच शिकू लागतो, तेव्हा हातातला दिवा विझवून अंधारात चाचपडू लागतो. मग फ्रेंच व्याकरण त्याला इंग्रजीतून कळून घ्यावे लागते, आणि मग ते कठीणच वाटणार. परीक्षा संपली की गुण गुणपत्रिकेत राहतात आणि दोन्ही भाषा हातच्या जातात.

याच्या उलट एका फ्रेंच माणसाने काय केले पाहा. झ्यूल ब्लोक या पंडिताने मराठीचा इतिहास धुंडाळला, शिलालेख आणि जुने ग्रंथ तपासले, प्राकृतापासून आपली एकेक विभक्ती कशी घडली ते शोधले, आणि त्यावर फ्रेंचमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. तो 1920 साली प्रसिद्ध झाला. डॉ. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 'मराठी भाषेचा विकास' या नावाने तो मराठीत आणला. मराठीच्या घडणीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्याला आजही त्याच्या दारावरून गेल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याने मराठी शिकण्यासाठी फ्रेंच सोडली नाही. मग फ्रेंच शिकण्यासाठी आपण मराठी का सोडावी?

शेवटी, दिवाळीचा अंक आहे तेव्हा फराळाचा एक शब्द सांगतो. समोरचा माणूस जेवायला बसला की फ्रेंच लोक 'बोन आपेती' म्हणतात. यात एक गंमत आहे. 'बोँझूर'मध्ये जो 'न' नाकात लपून बसला होता, तो येथे पुढे स्वर आल्याबरोबर जागा होऊन त्याला चिकटतो. आपण शाळेत संधी शिकलो, तिचाच हा प्रकार; आणि शेवटचा 'त' येथेही डेपोतल्यासारखाच गप्प. या दोन शब्दांना इंग्रजीत स्वतःचा चपखल शब्द नाही, म्हणून इंग्रजांनी ते जसेच्या तसे उसने घेतले. आपल्याला उसने घेण्याची गरज नाही. पंगतीत पाने वाढून झाली की यजमान हात जोडून जे म्हणतो, तेच ते.

तर वाचकहो, चकलीचे ताट पुढे ओढा. सावकाश होऊ द्या!