नाळेचं रक्त गोठवायचं कुणासाठी?

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन नेरुळच्या एका प्रसूतीगृहात बसलो होतो. तिला सातवा महिना. नंबर यायला वेळ होता, तेवढ्यात टॅब घेतलेली एक मुलगी शेजारी येऊन बसली. "ताई, बाळाच्या स्टेम सेलचं काय ठरवलंत?" दहा मिनिटांत आजारांची भलीमोठी यादी आणि हप्त्यांचा तक्ता दाखवून झाला. रक्कम साठ हजारांच्या वर. आजच फॉर्म भरला तर सूट. भाची हळूच म्हणाली, "मामा, उद्या काही झालं तर? पैसे वाचवले म्हणून आयुष्यभर टोचणी नको."

या एका वाक्यावर हा सगळा धंदा उभा आहे.

अमेरिकेत मेल्यावर आख्खं शरीर गोठवून ठेवणाऱ्या संस्था आहेत. विज्ञान पुढे गेलं की आपल्याला उठवतील, ही आशा. १९६७ मध्ये जेम्स बेडफर्ड नावाच्या प्राध्यापकांना असं ठेवलं, ते अजून तिथेच आहेत. ॲरिझोनातल्या अल्कोर संस्थेत पूर्ण देहाचा खर्च दोन लाख डॉलरच्या घरात. बरेच जण त्यासाठी आयुर्विमा काढतात आणि विम्याचे पैसे मुलाबाळांऐवजी संस्थेला जातात. लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो आणि सतत उडून जातो. तो भरत राहायला लागतो, म्हणून ते पैसे कायमचे अडकलेले. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात एका संस्थेचे पैसे संपले आणि ठेवलेले देह वितळले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या.

आपण हसतो. पण तोच नायट्रोजन, तीच आशा आणि तोच आगाऊ पैसा छोट्या पॅकमध्ये आपल्या वेटिंग रूममध्ये आलाय. अर्थात नाळेच्या रक्ताचा उपयोग खरा आहे, त्यातल्या पेशींनी रक्ताचे आजार बरे होतात. देह गोठवण्यासारखी ती नुसती कल्पना नाही. प्रश्न आहे तो फक्त आपल्याच बाळासाठी ते कुलूपबंद करण्याचा.

थॅलेसेमिया घ्या. आजार जन्मजात, म्हणजे बाळाच्या नाळेच्या रक्तातही तोच दोष. ते परत देऊन काय होणार? रक्ताच्या कॅन्सरमध्येही बहुतेकदा दुसऱ्याच्याच पेशी लागतात. स्वतःचं साठवलेलं रक्त स्वतःला लागण्याची शक्यता हजारात एक ते दोन लाखांत एक, असे अंदाज आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत साफ लिहिलंय की स्वतःच्या भावी वापरासाठी हे साठवायला शास्त्रीय आधार नाही. अपवाद एकच. घरात मोठ्या मुलाला असा आजार असेल आणि दुसरं बाळ येत असेल, तर जरूर ठेवा. २०१८ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही 'जैविक विमा' म्हणून खासगी बँकिंग करू नका, असं सांगितलं.

तुर्भ्याच्या मार्केटमधला व्यापारी कोल्ड स्टोरेजमध्ये माल ठेवताना भाडं किती आणि माल कधी निघेल, याचा हिशोब आधी मांडतो. इथे माल निघतच नाही, भाडं मात्र चालू. हेच रक्त सार्वजनिक बँकेत असतं तर रक्तपेढीसारखं ज्याला जुळेल त्याला मिळालं असतं. आता काही कंपन्याच 'कम्युनिटी बँकिंग' म्हणून सभासदांचा साठा एकत्र करायला लागल्यात. म्हणजे एकट्याचं एकट्याला पुरत नाही, हे त्यांनाही कळलंय. पण सभासद नसलेल्याच्या मुलाने कुठे जायचं?

आणि हे सगळं कुठे चाललंय, तर ज्या शहरात खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक आहे. तिथे बोनमॅरो ट्रान्सप्लांट होतात. पेशी जुळणारा दाता मिळावा म्हणून कुटुंबं वणवण करतात. दाता म्हणून नोंदणी करायला गालाच्या आतला एक स्वॅब लागतो, पैसे लागत नाहीत. आपल्यापैकी किती जणांनी केलीय? मीही उशिराच केली, खोटं कशाला बोलू.

आणखी एक. डब्ल्यूएचओ सांगते की जन्मानंतर किमान एक मिनिट नाळ कापू नका, ते रक्त बाळाच्या अंगात जाऊ द्या, लोह मिळतं. आपल्या देशात पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं ॲनिमिक आहेत (एनएफएचएस-५). पिशवी भरायची घाई झाली तर बाळाच्या वाटणीचंच कमी होणार. थॅलेसेमियाची भीती असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच आईची एचपीएलसी करा, आईमध्ये दोष निघाला तर वडिलांचीही. साठ हजारांपुढे तिचा खर्च काहीच नाही.

डॉक्टर मंडळींनी रागावू नये, पण तुमच्या वेटिंग रूममध्ये या लोकांना खुर्ची कोण देतं?

भाचीने फॉर्म भरला नाही. तिच्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही, "शेजारच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी केलंय" म्हणतात. पुढच्या तपासणीला नाळ किती वेळाने कापणार, हे ती डॉक्टरांना विचारणार आहे.